शिवाजीनगरात शिकवणी सुरू करताय? आधी हिशेबाची वही उघडा

२०२५च्या जुलै महिन्यात बेंगळुरूच्या बाजारांत अनेक दुकानांवरचे यूपीआयचे क्यूआर कोड रातोरात उतरले आणि त्यांच्या जागी 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांची यूपीआयची माहिती मिळवली होती. ज्यांच्या खात्यात जीएसटीच्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम जमा झालेली दिसली, त्या छोट्या व्यापाऱ्यांना खात्याने नोटिसा पाठवल्या. त्यात चहावाले होते, बेकरीवाले होते, ज्यांच्या मालावर जीएसटी लागतच नाही असे दूधवाले आणि भाजीवालेही होते. पुढे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांशी बैठक घेतली आणि जुन्या थकबाकीबाबत दिलासा जाहीर केला. नोंदणी मात्र करावीच लागेल, असंही त्यांनी सांगितलं.

या प्रकरणात शिकवणी घेणारे अग्रभागी नव्हते. तरी त्यांनी ते नीट समजून घ्यायला हवं. ज्यांची पंचाईत झाली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच होती: खात्यात आलेले सगळे पैसे धंद्याचे नव्हते. भावाने परत केलेले उसने पैसे, भिशीची रक्कम, मुलीच्या लग्नासाठी आलेली मदत, सगळं एकाच खात्यात आणि एकाच क्यूआर कोडवर जमा झालं होतं. यातलं कुठलं विक्रीचं आणि कुठलं घरचं, हे चार वर्षांनंतर सिद्ध कसं करायचं?

बेंगळुरूतल्या शिवाजीनगर, टास्कर टाउन, कमर्शियल स्ट्रीटच्या मागच्या गल्ल्या, इन्फंट्री रोड या पट्ट्यात घरगुती शिकवण्यांना चांगला वाव आहे. इथे एकाच इमारतीत कन्नड, उर्दू, तमीळ आणि मराठी बोलणारी घरं असतात. दहावीचं गणित, बोलायचं इंग्रजी, कन्नड लिपी, तबला, शिवणकाम, मेंदी, काहीही शिकवायला घ्या, मुलं मिळतात. सांगली-साताऱ्याकडून सोनं गाळण्याच्या व्यवसायासाठी शहरात आलेल्या कुटुंबांतल्या शिकलेल्या सुनांना आणि मुलींना घरबसल्या कमाईचा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे. त्यांच्यापैकी अनेकींना वाटतं, "एवढ्याशा शिकवणीला कसला कायदा आणि कसला कर?" माझं म्हणणं असं की छोट्या शिकवणीला कर बहुतेक वेळा शून्यच लागतो. पण तो शून्य कागदावर दाखवता आला पाहिजे. त्यासाठी लागते एक वही, एक वेगळं खातं आणि चार साधे नियम.

कंपनी नको, खातं हवं

एकट्याने शिकवणाऱ्याला कंपनी, एलएलपी किंवा ट्रस्ट काढायची काहीही गरज नाही. तुमचा पॅन हाच तुमच्या व्यवसायाचा पॅन. याला एकल मालकी म्हणतात आणि ती सुरू करायला कुठल्याही कार्यालयात अर्ज करावा लागत नाही. 'आधी प्रायव्हेट लिमिटेड करून घ्या' असा सल्ला देणाऱ्याला हात जोडा. दरवर्षीचं ऑडिट आणि निबंधकाकडे भरायची विवरणपत्रं हा खर्च चाळीस मुलांच्या शिकवणीला परवडत नाही.

बँकेत मात्र वेगळं खातं हवंच. स्वतःच्या नावाचं दुसरं बचत खातं सुरुवातीला चालून जातं. 'अमुक क्लासेस' अशा नावाने चालू खातं उघडायचं असेल, तर त्या नावावर व्यवसाय चालतो हे दाखवणारी दोन कागदपत्रं बँक मागते. उद्यम नोंदणी, दुकान नोंदणी, व्यवसाय कराचं प्रमाणपत्र यांतली दोन साधारण पुरतात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन वापरून होते आणि ती पूर्ण मोफत आहे. 'उद्यम' नावाच्या दिसायला सरकारी वाटणाऱ्या संकेतस्थळांवर दोन-अडीच हजार मागितले जातात, ते देऊ नका.

इथे एक चूक सर्रास होते. शिकवते बायको आणि फी जाते नवऱ्याच्या खात्यात, कारण गुगल पे त्याच्या फोनवर आहे. प्राप्तिकर खात्याला ते नवऱ्याचं उत्पन्न दिसतं. नवरा नोकरीत असेल तर त्याच्या पगारावर ही रक्कम चढते आणि फुकटचा कर बसतो. जी शिकवते तिचा पॅन, तिचं खातं, तिचाच क्यूआर कोड, हे पहिल्या दिवसापासून पाळा. बाईच्या हातात स्वतःच्या नावाचं उत्पन्न असणं ही कराच्या पलीकडची गोष्टही आहे.

पावतीपुस्तक छापून घ्या. रसेल मार्केटच्या आसपासच्या कुठल्याही छापखान्यात क्रमांक घातलेलं, दोन प्रतींचं पुस्तक मिळतं. पावतीवर मुलाचं नाव, महिना, रक्कम आणि पैसे रोख आले की यूपीआयने, एवढं लिहा. पाच हजारांपेक्षा जास्त रोख रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लावायचं असतं. रोजच्या वहीत दोनच बाजू ठेवा: आलेले आणि गेलेले. भाडं, वीज, इंटरनेट, झेरॉक्स, पुस्तकं, फळा, मदतनिसाचा पगार, जे काही शिकवणीसाठी खर्च झालं ते त्याच दिवशी लिहून बिल फाईलला लावा. शिकवणी घरातच असेल तर वीज आणि भाड्याचा फक्त शिकवणीपुरता वाटा धरा, आणि तो वाटा कसा काढला हे वहीत एकदा लिहून ठेवा. बहुतेक फी रोख येत असेल तर ती बँकेत भरायला बिचकू नका. लक्षात एवढंच असू द्या की वर्षभरात बचत खात्यांत दहा लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली, की बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते.

प्राप्तिकर: एक हिशेब मांडून पाहू

समजा, तुमच्याकडे चाळीस मुलं आहेत, महिना दीड हजार फी आहे आणि वर्षाला अकरा महिने शिकवणी चालते. जमा झाली ६,६०,००० रुपये. खोलीचं भाडं महिना १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,०००. वीज आणि इंटरनेटचे ३०,०००, मदतनीस मुलीला महिना पाच हजारांप्रमाणे ६०,०००, पुस्तकं-छपाई-फळा यांचे २६,०००. एकूण खर्च २,६०,०००. उरले ४,००,०००. कर लागतो तो या उरलेल्या रकमेवर, जमा झालेल्या सहा लाख साठ हजारांवर नाही.

नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १० टक्के, बारा ते सोळा लाखांवर १५ टक्के, असे टप्पे पुढे वाढतात. शिवाय एकूण उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळून कर शून्यावर येतो. म्हणजे वरच्या उदाहरणातली शिकवणी दुप्पट वाढली तरी कर शून्य. पण कर शून्य म्हणून विवरणपत्र भरायचं नाही, असा अर्थ काढू नका. उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं की विवरणपत्र भरावंच लागतं. सूट त्यातूनच मिळते.

आता थोडं अडचणीचं. नफा अंदाजाने दाखवण्याची एक सोपी योजना आहे. जुन्या कायद्यात ती '४४एडी' या नावाने ओळखली जायची. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात अशा अंदाजी योजना कलम ५८मध्ये एकत्र आणल्या आहेत. छोट्या व्यवसायाने बँकेतून आलेल्या रकमेच्या निदान ६ टक्के आणि रोख रकमेच्या निदान ८ टक्के नफा दाखवला, तर तपशीलवार हिशेब मागितला जात नाही. शिकवणीवाल्यांना अनेक सल्लागार डोळे मिटून हीच योजना सुचवतात. सहा लाखांच्या जमेवर चाळीस हजार नफा दाखवा आणि मोकळे व्हा, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटत नाही. सहा टक्के ही किमान मर्यादा आहे. प्रत्यक्षात जास्त उरलं असेल तर जास्तच दाखवायचं असतं. शिकवणीत खर्च थोडा असतो, निम्म्याहून अधिक रक्कम हातात उरते, हे कुणालाही कळतं. कर शून्यच येणार असताना चार लाखांचं उत्पन्न चाळीस हजार का दाखवायचं? उद्या घरासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात, की बँक तीन वर्षांची विवरणपत्रं समोर ठेवायला सांगते. त्यात चाळीस हजार दिसले तर कर्ज कशाच्या जोरावर मिळणार?

यातच एक गैरसमज दूर करतो. डॉक्टर, वकील, वास्तुरचनाकार अशा ठरावीक व्यावसायिकांसाठी पन्नास टक्के नफ्याची जी योजना आहे, तिच्या यादीत शिकवणी नाही. दुसरी चूक म्हणजे पगारदारांचा 'आयटीआर-१' भरून त्यात शिकवणीची रक्कम 'इतर उत्पन्न' म्हणून टाकणं. शिकवणी हा व्यवसाय आहे. अंदाजी योजना घेतली तर 'आयटीआर-४', प्रत्यक्ष हिशेबाने भरलं तर 'आयटीआर-३'.

नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शिकवणाऱ्यांचा हिशेब वेगळा पडतो. आयटी कंपनीत वर्षाला चौदा लाख पगार घेणारा कुणी तबला शिकवून खर्च वजा जाता दोन लाख कमावत असेल, तर पगारावरची ७५,०००ची प्रमाणित वजावट धरूनही ते सगळे दोन लाख १५ टक्क्यांच्या टप्प्यात येतात. म्हणजे ३०,००० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. कंपनीला या कमाईची कल्पना नसते, म्हणून ती हा कर कापत नाही. कापून उरलेला कर वर्षाला दहा हजार किंवा जास्त असेल तर तो आगाऊ भरायचा असतो: जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना, टप्प्याटप्प्याने. अंदाजी योजना घेणाऱ्यांना १५ मार्चला एकदम भरता येतो. न भरल्यास व्याज लागतं. नोकरीच्या करारात जोडधंद्याला मनाई आहे का, तेही आधी वाचा.

एखाद्या संस्थेत तासिकेवर शिकवायला जात असाल आणि वर्षाची रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर संस्था १० टक्के कर कापून पैसे देते. तो पैसा बुडत नाही. विवरणपत्र भरलं की तुमच्या हिशेबात धरला जातो आणि जास्त कापला असेल तर परत येतो.

जीएसटी: वीस लाखांची रेघ

शाळेत मिळणाऱ्या शिक्षणावर जीएसटी नाही, म्हणून शिकवणीवरही नसेल, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. माफी आहे ती शाळा-महाविद्यालयांना. खासगी शिकवणीवर १८ टक्के दर आहे. छोट्यांना दिलासा देणारी गोष्ट म्हणजे वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. ही उलाढाल पॅनवर मोजली जाते. शिकवणीबरोबर तुम्ही खाऊच्या डब्यांचा व्यवसाय करत असाल, तर दोन्ही एकत्र मोजायचे. महाराष्ट्रातली मुलं ऑनलाइन शिकत असली तरी सेवांसाठी वीस लाखांची सवलत कायम राहते.

गाणं, तबला, नृत्य, चित्रकला शिकवणाऱ्यांना हे मुद्दाम सांगायला हवं. कला-संस्कृतीशी निगडित छंदवर्ग एखादी व्यक्ती स्वतः चालवत असेल, तर त्यावर जीएसटी माफ आहे. १८ जुलै २०२२ पासून ही माफी 'व्यक्तीने' दिलेल्या सेवेपुरती केली आहे. दोन मैत्रिणींनी भागीदारी संस्था काढून नृत्यवर्ग सुरू केला तर ती माफी जाते. एकेकीने आपापल्या नावाने वर्ग चालवला तर राहते. फक्त माफीतलीच सेवा देणाऱ्याला नोंदणी करावी लागत नाही. मात्र गणिताची शिकवणी आणि गाण्याचा वर्ग दोन्ही चालवत असाल, तर वीस लाख मोजताना दोन्हींची रक्कम धरली जाते.

रेघ ओलांडलीच तर तीस दिवसांत नोंदणी करा. पन्नास लाखांच्या आतल्या सेवाव्यवसायांसाठी ६ टक्क्यांची सोपी योजना आहे, पण त्यात तो कर पालकांकडून वेगळा घेता येत नाही आणि कर्नाटकाबाहेर सेवाही देता येत नाही. ऑनलाइन वर्गात पुण्या-मुंबईची मुलं असतील तर ती योजना तुमच्यासाठी नाही. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मराठी मुलांना शिकवून पैसे परकीय चलनात बँकेमार्फत येत असतील, तर ती सेवेची निर्यात धरली जाते आणि तिच्यावर जीएसटीचा बोजा येत नाही. बँकेकडून पैसे आल्याचं प्रमाणपत्र मात्र दर वेळी मागून ठेवा. प्राप्तिकरासाठी ते उत्पन्न इतर उत्पन्नासारखंच धरलं जातं.

कर्नाटकचे स्वतःचे नियम

व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे. राज्यघटनेनेच त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठेवली आहे आणि कर्नाटकात शिकवणी संस्थांना तेवढाच तो लागतो. वाणिज्य कर खात्याच्या पोर्टलवर नाव नोंदवून दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत भरायचा. वयाची साठ वर्षं पूर्ण केलेल्यांना तो माफ आहे, म्हणून निवृत्त शिक्षकांनी यात पैसे घालू नयेत.

घराबाहेर गाळा घेऊन वर्ग सुरू केला, विशेषतः मदतीला माणूस ठेवला, तर १९६१च्या कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याखाली तीस दिवसांत नोंदणी करा. ती ई-कार्मिक पोर्टलवर होते. व्यापार परवान्यासाठी आता बीबीएमपी शोधू नका. सप्टेंबर २०२५ पासून शहरात पाच महानगरपालिका आहेत आणि शिवाजीनगर बेंगळुरू मध्य महानगरपालिकेत येतं. गाळा घेण्याआधी तिथल्या आरोग्य विभागात चौकशी करून घ्या. भाडेकरारात 'शिकवणीसाठी वापर' हे शब्द घालून घ्या. बेंगळुरूत अनामत रक्कम भली मोठी मागतात. घरमालकाने मध्येच 'मुलांचा गोंगाट होतो' म्हणून बाहेर काढलं, तर ती रक्कम अडकून पडते.

पाटी लावताना कन्नडचा नियम पाळा. २०२४च्या दुरुस्तीनुसार व्यावसायिक फलकाचा निदान ६० टक्के भाग कन्नडमध्ये आणि तोही वरच्या बाजूला हवा. खाली मराठी, उर्दू, इंग्रजी काहीही लिहा. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ज्या गावाने पोट भरायला जागा दिली, त्या गावाची भाषा आपल्या पाटीवर वर असावी.

शिक्षण कायदा आणि पालकांशी व्यवहार

तुम्ही शाळेत शिक्षक असाल तर थांबा. शिक्षणहक्क कायदा २००९च्या कलम २८ने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई केली आहे. 'सगळेच घेतात' हे उत्तर शिस्तभंगाच्या चौकशीत चालत नाही.

घरच्या शिकवणीची संस्था होऊ लागली, शिक्षक नेमले, तुकड्या वाढल्या, की कर्नाटक शिक्षण कायदा १९८३ आणि शिकवणी संस्थांच्या नोंदणीचे २००१चे नियम लागू होतात का, हे शिक्षण खात्याच्या गट शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, प्रत्येक मुलामागे निदान एक चौरस मीटर जागा, मध्येच सोडून जाणाऱ्याला उरलेली फी दहा दिवसांत परत, खोट्या निकालांच्या जाहिराती नकोत. तुमच्याकडे वीसच मुलं असली तरी फी परतीचा आणि जाहिरातीचा नियम स्वतःहून पाळा. शिकवणी ही सेवा आहे, आणि 'शंभर टक्के निकाल' असं छापून फसवलं तर पालक ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो.

प्रवेशाच्या वेळी एक पानी कागद द्या. फी किती, कधी भरायची, सुट्या कोणत्या, मध्येच सोडलं तर किती परत, हे त्यात असू द्या. खाली पालकांची सही घ्या. शक्यतो कन्नड किंवा पालक वाचू शकतील त्या भाषेत तो असावा. त्याच कागदावर मुलाचा फोटो किंवा गुण व्हॉट्सअॅपवर, इन्स्टाग्रामवर टाकायला परवानगी आहे की नाही, तेही विचारा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक धरली आहे. पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो पाटीवर लावण्याची हौस समजते, पण तो फोटो तिचा आहे.

सुरुवातीच्या वर्षी सनदी लेखापालाची गरज फारशी पडत नाही. जमा पंधरा लाखांच्या पुढे सरकली, परदेशातून पैसे येऊ लागले किंवा कुठलीही नोटीस आली, की त्यांच्याकडे जा. नोटीस आली तर घाबरून क्यूआर कोड काढून टाकू नका आणि तिच्याकडे दुर्लक्षही करू नका. दिलेल्या मुदतीत, वहीच्या आधाराने उत्तर द्या. ती वही पहिली फी हातात येण्याआधी घेऊन ठेवा.